श्वासाने सुरू होणाऱ्या मावशी

मावशींच्या फ्रिजमध्ये, अंडी ठेवायच्या खणात, एक छोटा गोल आरसा असायचा. जर्मनीत ड्रेस्डेनला शिकायला आले आणि त्यांच्याकडे राहायला गेले, त्या पहिल्याच सकाळी मी दूध काढायला फ्रिज उघडला आणि अंड्यांच्या ओळीतून माझाच डोळा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, वय झालंय, विसरून ठेवला असेल. घरात मदत करायची आणि त्या बदल्यात खोली कमी भाड्यात, असं आमचं ठरलं होतं. म्हणून पहिली मदत म्हणून मी तो आरसा पुसून बाथरूममध्ये नेऊन ठेवला. जरा वेळाने मावशी माझ्या दारात उभ्या. हातात आरसा.

"हा कोमट कुणी केला?"

तो आरसा तोंड बघायचा नव्हता, नाकाखाली धरायचा होता. गार आरसा नाकाखाली धरून बोललं, की नाकातून हवा कधी आली आणि किती आली ते त्यावरच्या वाफेवरून कळतं. मावशी आयुष्यभर लोगोपेडिन होत्या, म्हणजे ज्या मुलांना काही उच्चार जमत नाहीत त्यांना ते शिकवायच्या. पूर्व जर्मनी वेगळा देश होता तेव्हा त्या शिकायला म्हणून ब्रह्मदेशातून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. ब्रह्मदेशातून आलेली बाई जर्मन मुलांना जर्मन बोलायला शिकवायची, हे कळलं तेव्हा मला हसूही आलं आणि थोडा धीरही आला. मला स्वतःला तेव्हा बेकरीत पाव मागायचा तरी आधी मनात दोनदा घोकावं लागायचं.

त्यांचं नाव दॉ ल्हा यिन. यातलं 'दॉ' हे नाव नव्हे. मोठ्या बाईला मान देऊन लावतात, आणि त्याचा मूळ अर्थ मावशी. हे त्यांनी सांगितल्यावर माझा प्रश्नच मिटला. जर्मनीत मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची की आडनावाने, या विचारात मी पहिला आठवडा "हॅलो" वरच काढला होता. "मग मी तुम्हाला मावशीच म्हणते," मी म्हटलं. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला, लिमलेटच्या गोळीसारखा. "मावशी. छान आहे. शेवटी ओठ हसतात."

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघावं असं आपण म्हणतो. मावशी ओठांकडे बघायच्या. समोरच्याला वाटायचं, तोंडाला काही लागलंय. पार्सल घेऊन येणारा माणूस "फ्राउ हाला" म्हणाला, की त्या सही करता करता त्याला सांगायच्या, "हाला नाही. ल्हा. आधी श्वास, मग ल." तो बिचारा जिन्यात उभा राहून श्वास सोडायचा. पुढच्या वेळी पार्सल खालच्या मजल्यावर हेर लेमानांकडे, म्हणजे लेमानसाहेबांकडे, देऊन पळायचा.

मला वाटलं होतं, मला हे सहज जमेल. आपल्या जिल्ह्यात ल्ह आहे, कोल्हापुरात ल्ह आहे. मी मोठ्या आत्मविश्वासाने "ल्हा" म्हटलं. मावशींनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. "बघ, इथे आधीच गुणगुण सुरू झाली. तुझा ल पुढे निघतो आणि ह त्याच्या मागून धावतो, चुकलेल्या ट्रामच्या मागे धावावं तसा. आमच्याकडे श्वास आधी निघतो. मुकाट. गळा गप्प. मग ल येतो आणि त्याच्यावर बसतो." म्ह आणि न्ह यांचंही तसंच. आधी बंद ओठांआडून, नाकातून नुसती हवा, आरशावर वाफ, आणि मग आवाज. न्हिन म्हणजे दव, बर्फ. थंडीत खिडकीशी उभ्या राहून त्या ते म्हणायच्या तेव्हा मला तो शब्द ऐकू यायच्या आधी काचेवर दिसायचा.

आपल्याकडेही म्ह आहे म्हटल्यावर मात्र त्या फार खूश झाल्या. कोणत्या कोणत्या शब्दात आहे ते सांग म्हणाल्या. मी सांगितलं, म्हणजे, म्हणून, म्हातारा, म्हैस. म्हैस म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं.

"एवढा सुंदर उच्चार," मावशी म्हणाल्या, "आणि तुम्ही तो म्हशीला दिलात?"

"म्हशीला काय झालं?" मी जरा लागून म्हटलं. आमच्या आजोळी म्हशी होत्या.

"काही नाही. म्हशीचं नशीब."

ङ ची गोष्टही तशीच. आमच्या जिंतूरच्या शाळेत भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, आणि ङ च्या चौकोनात चित्रच नव्हतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, त्याचं काही नसतं, पुढे चला. मला त्या अक्षराची दया यायची. वर्गात कोपऱ्यात बसलेल्या पोरासारखं वाटायचं ते. मावशींना हे सांगितलं तर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मासा घेऊन आल्या. "ङा," त्या म्हणाल्या. मग हाताची बोटं पसरून दाखवली. "ङा." पाच. मग आवाज खाली आणून स्वतःच्या छातीला हात लावला. "ङा." मी. "तुमच्याकडे बेकार बसलाय तर पाठवून द्या. आमच्याकडे त्याला भरपूर काम आहे."

ही आवाज खाली आणायची, वर न्यायची भानगड मला कधीच नीट जमली नाही. बर्मीत शब्द एकच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो. मावशींनी ते मला घरातल्या वस्तूंनी शिकवलं. पहिला सूर म्हणजे जमिनीवर अंथरलेली चटई. दुसरा म्हणजे उंचावरून ओतलेलं पाणी. तिसऱ्यात घशात गंजलेलं दार करकरलं पाहिजे, आणि ते लगेच थांबलंही पाहिजे. चौथ्यात दार धाडकन बंद. प्रत्येक वेळी त्या स्वयंपाकघरातलं कपाट खरोखर आपटून दाखवायच्या. करकर घशात काढून म्हटलेलं 'ल' म्हणजे चंद्र, आणि चटईसारखं सपाट म्हटलं तर 'ये'. मी बाल्कनीत उभी राहून चंद्राला चंद्र म्हणायचे आणि आतून मावशी ओरडायच्या, "आले, आले! काय हवंय?"

त्यांच्या नवऱ्याचं नाव डीटर. मी गेले तेव्हा त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. ते ट्राम चालवायचे. मावशी शिकत असताना रोज त्यांच्या ट्रामने जायच्या. ते स्टॉपचं नाव पुकारायचे, "बोस्टब्लात्स!" इकडचे लोक, म्हणजे सॅक्सन लोक, प ला ब आणि क ला ग म्हणतात. कॉफी मागायची तर "गाफे". मावशी एक दिवस उतरताना त्यांना म्हणाल्या, "पोस्टप्लात्स. प आहे तो." डीटर म्हणाले, "आमच्याकडे प संपलाय, बाई. तुमच्याकडे जास्तीचा असेल तर द्या." मावशींना राग यायला हवा होता, पण बर्मीतही शब्दाच्या मधोमध आलेला क बोलताना ग होतो आणि प चा ब होतो. "मला एकदम घरच्यासारखं वाटलं," त्या म्हणायच्या. "इतक्या लांब येऊन माणसं तशीच आळशी." डीटरना त्यांचं नाव शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ते "श्ला" म्हणायचे. मावशी त्यांना रोज सुधारायच्या आणि ते रोज श्ला म्हणायचे, आणि असा त्यांचा संसार झाला.

माझं नाव प्रज्ञा. पुण्याच्या कॉलेजात होस्टेलवरच्या उत्तरेकडच्या मुली प्रग्या म्हणायच्या, इथे प्रोफेसर दर वेळी नवंच काहीतरी म्हणतात. मावशींनी पहिल्या दिवशी नावाचा अर्थ विचारला आणि लगेच म्हणाल्या, "पिन्या! आमच्याकडेही आहे हा शब्द. शिक्षण, विद्या." मग मी त्या घरात 'मा पिन्या' झाले, मा म्हणजे ताई. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, तरी त्या रोज सकाळी "शिक्षणबाई, उठा" अशी हाक मारायच्या तेव्हा बरं वाटायचं.

पुण्यात पहिल्या वर्षी वर्गात मी काहीतरी उत्तर दिलं होतं आणि माझ्या बोलण्यावर मागच्या बाकावरच्या मुली हसल्या होत्या. त्यात फार मोठं काही नव्हतं. पण तेव्हापासून माझा आवाज खाली गेला तो गेलाच. बोलताना वाक्याला आधी "बहुतेक" लावायची सवय लागली. सकाळी खोलीत वंदना म्हणायचे तीसुद्धा ओठांतल्या ओठांत.

त्या वंदनेवरून आमचं मोठं गमतीचं झालं. मी रोज सकाळी माझ्या खोलीत त्रिसरण आणि पंचशील म्हणायचे, तसं आमच्या घरी सगळेच म्हणतात. पप्पा एस.टी. डेपोत मेकॅनिक आहेत आणि रविवारी आमच्या विहारात वंदना तेच सांगतात. इकडे मावशी रोज सकाळी स्वयंपाकघरात भात धुताना काहीतरी गुणगुणायच्या. मी समजत होते, बर्मी गाणं असेल. त्या समजत होत्या, मी मराठीत माझ्या देवाला काहीतरी सांगतेय. कित्येक दिवस आम्ही दोघी एकाच वेळी, भिंतीच्या अलीकडे पलीकडे, तेच म्हणत होतो. एक दिवस माझं दार उघडं राहिलं. मावशी हातात तांदळाचं भांडं घेऊन आल्या.

"ही चाल तुला कुठे मिळाली?"

"चाल? ही पाली आहे, मावशी."

"ही? पाली?" त्या पलंगावर बसल्याच. "पाली मी म्हणते ती."

आणि त्यांनी म्हणून दाखवलं. आपण सरणं म्हणतो तिथे त्या जीभ दातांत धरून 'थरणं'सारखं काहीतरी म्हणतात. आपला थ नव्हे, इंग्रजी थिन मधला. गच्छामि चं गिस्सामि. आणि शेवटी आपण तीनदा साधु म्हणतो ते त्यांचं 'थादु'. मी ऐकत राहिले. ओळखीचं माणूस वेगळे कपडे घालून समोर यावं तसं वाटलं.

रविवारी पप्पांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. चूकच केली.

"तिला म्हणाव, सरणं. स, स. जीभ कशाला बाहेर काढायलीय?" पप्पा ओरडले. फोनवर ते नेहमीच ओरडतात. लांब असल्यावर जास्त.

मी जर्मनमध्ये जरा मऊ करून सांगितलं. पण मावशी पप्पांच्या ओठांकडे बघत होत्या, त्यांना सगळं कळलं होतं. "त्यांना सांग, आमची जीभ हजार वर्षांपासून बाहेर आहे."

"आन् ते गिस्सामि? आख्खा च गिळला की!"

"त्यांना विचार, तुमच्याकडे हे कधीपासून म्हणतात?"

मी विचारलं. पप्पा म्हणाले, "आमच्या वडलांपासून. त्याच्या आधी आम्हाला कोण म्हणू देणार होतं?"

मी तेही सांगितलं. पप्पांची रेंज गेल्यावर मावशी म्हणाल्या, "मग त्यांच्या घरात ते नवं आहे. नवी वस्तू माणूस जपून धरतो, एकेक अक्षर. म्हणू देत त्यांना तसंच." मावशींनी कुणाला 'तसंच म्हणू दे' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तरी पुढच्या रविवारी त्या फोनसमोर बसल्याच. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळायचा नाही आणि मला मधे बोलू द्यायचे नाहीत.

त्यांची मुलगी काट्रिन लुडविग्सहाफेनला केमिस्ट आहे. एका मोठ्या रसायन कारखान्यात. ती महिन्यातून एकदा यायची. मावशी तिच्याशी बर्मीत बोलायच्या आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. एक शब्दही बर्मी नाही. कळायचं सगळं. इथल्या आपल्या लोकांच्या घरीही मी हे पाहिलंय, आई मराठीत विचारते आणि पोरगं जर्मनमध्ये उत्तर देतं. मी त्यात काही विशेष मानलं नाही. पण एकदा आम्ही दोघी भांडी पुसत होतो, मावशी बाहेर होत्या, आणि मावशींनी मघाशी माझा एक उच्चार सुधारला होता त्यावरून काट्रिन म्हणाली, "तुला ती सुधारते तेव्हा तुला राग येत नाही?"

"नाही बहुतेक. मला गंमत वाटते."

"हो, कारण ती तुझी आई नाही." तिने पेला उजेडात धरून पाहिला. "मी लहान होते. खेळून आले, तहान लागली होती. मी पाणी मागितलं, बर्मीत. ती म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा मागितलं. पुन्हा म्हणाली. ती रागावली नव्हती हं, हसत होती, आरसा आणायला उठली. मी जाऊन नळाला तोंड लावलं. तर, त्यानंतर मी तिच्याकडे बर्मीत काही मागितलं नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"माझ्या आईला? नक्कीच. तिला सगळं ऐकू येतं."

मावशींना खरंच माहीत होतं. एकदा केळी सोलता सोलता, मी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "दवाखान्यात मुलं यायची तेव्हा मी पहिला महिना नुसतं ऐकायची. चूक दाखवायची नाही, आधी मूल बोलतं झालं पाहिजे. हा पहिला नियम." केळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "घरी मला तेवढा वेळ नव्हता." एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी ठरलं, की वसंतात मावशींनी घर सोडायचं आणि काट्रिनकडे राहायला जायचं. जिना चढवत नव्हता. त्यामुळे नोव्हेंबरमधला डीटरांचा स्मृतिदिन हा त्या घरातला शेवटचा. मावशींचं म्हणणं असं, की मेलेल्या माणसाच्या नावाने दान करायचं, जेवू घालायचं, आणि मग त्याचं पुण्य त्याला हाक मारून वाटायचं. बर्मीत त्याला एक शब्द आहे, अम्ह्या. त्याचा अर्थ समान वाटा. हळूहळू पाणी ओतत तो तीनदा पुकारायचा आणि ऐकणाऱ्यांनी तीनदा साधु म्हणायचं. हाक नीट पोहोचली तरच त्याला वाटा मिळतो. "आणि हे याच घरातून व्हायला हवं," मावशी म्हणाल्या. "नव्या पत्त्यावर तो कसा येणार? त्याला वाटेत मानहाइमला साधी ट्रेन बदलता यायची नाही."

वंदना सांगायला दर वर्षी एक बर्मी भन्ते लांबच्या शहरातून यायचे. या वेळी आदल्या दिवशी ट्रेनचा संप जाहीर झाला. भन्तेंचा फोन आला, येता येत नाही. गावातली दोन बर्मी कुटुंबं होती, त्यातलं एक नेकारसुल्मला नोकरीसाठी गेलं होतं, दुसऱ्यांकडे बाळंतपण. काट्रिन कशीबशी कुणाच्या तरी गाडीतून पोहोचली होती. ती म्हणाली, "ममा, पुढच्या आठवड्यात करू."

"तो पुढच्या आठवड्यात मेला नव्हता," मावशी म्हणाल्या. पातेल्यात मोहिंगा होती, म्हणजे माशाचं दाट सूप, भाजलेल्या डाळीचं पीठ लावून केलेलं. घरभर पिठल्यासारखा वास होता. त्या पातेल्यात पळी फिरवत राहिल्या. मग गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसल्या. मावशींना मी कधी नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला येतं, मावशी. म्हणजे, त्रिसरण, पंचशील. बहुतेक सगळं."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"उच्चार तुमच्यासारखे नाहीत," मी घाईने म्हटलं.

"उच्चारांचं सोड. डीटरला तरी कुठे थ यायचा, तोही सादूच म्हणायचा. तुझा आवाज या टेबलापासून त्या पातेल्यापर्यंत जात नाही, मा पिन्या. त्याच्यापर्यंत कसा जाईल?"

मी पप्पांना फोन लावला. तुम्हीच फोनवरून सांगता का, म्हटलं. तुमचा आवाज मोठा आहे. पप्पा डेपोत होते, मागे कुठल्यातरी गाडीचं इंजिन घरघरत होतं. "मी कशाला? आन् मधेच रेंज गेली तर? मेलेल्या माणसाला काय होल्डवर ठेवायचं?" मग म्हणाले, "तू म्हण की. पाठ कुणी करून घेतलंय तुझ्याकडून? जोरात म्हण. तिथं कोण हसायलंय तुला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हेर लेमान आले, आणि डीटरांचे ट्राममधले दोन जुने सोबती. बूट काढायला सांगितल्यावर त्यातल्या एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला आणि तो सगळा वेळ तो अंगठा दुसऱ्या पायाखाली लपवत होता. शेवटी काय म्हणायचं ते काट्रिन त्यांना सांगायला लागली, तर हेर लेमान म्हणाले, "सादू, तीनदा. माहीत आहे. डीटरने आम्हाला ट्राममध्ये शिकवलंय."

मी सुरुवात केली. पहिली ओळ नेहमीसारखी ओठांत गेली. मावशी समोर बसल्या होत्या, त्यांनी नुसती हनुवटी वर केली. मग मी पप्पांसारखं म्हटलं. विहारात मागच्या भिंतीपर्यंत जायला लागतं तसं. माझे स, माझे च, माझे सगळे ण. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. हेर लेमान दचकले. खिडकीतलं कबूतर उडालं. पंचशील होईपर्यंत माझ्या कपाळाला घाम आला होता, पण मी थांबले नाही.

मग मावशींनी छोट्या चंबूतून खालच्या वाडग्यात थेंब थेंब पाणी सोडायला सुरुवात केली. "अम्ह्या," त्यांनी पुकारलं. आधी श्वास, मग म, आणि शेवट दार अडावं तसा तुटलेला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ मिटले, आणि नाकातून तो श्वास आला. लांब, मुकाट, अगदी जसा यायला हवा तसा. पण त्याच्यामागून आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नुसता श्वास. पाणी थांबवायचं नसतं, त्यामुळे हात ओततच होता आणि चंबू संपत आला होता. मी तो शब्द म्हणू शकले असते, आरशासमोर कितीदा म्हटला होता. पण ती हाक माझी नव्हती. मी काट्रिनकडे पाहिलं.

काट्रिनने डोळे मिटले. "अम्ह्या!" ती म्हणाली.

सगळं चुकलं होतं. म आधी आला, श्वास मागून आला, शेवट नको तेवढा लांबला. पण मोठ्याने आलं. शेवटचा थेंब पडला. तिघे पाहुणे एका आवाजात म्हणाले, "सादू, सादू, सादू," मीही म्हटलं, आणि मावशींनी चंबू खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

वाढायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले तर माझ्यामागून दोघी आल्या. काट्रिन वाडग्यांत शेवया घालत होती. मावशी तिच्या शेजारी उभ्या राहून लिंबं चिरत होत्या. मग काट्रिन जर्मनमध्येच म्हणाली, "तर मग, सांग, कसं झालं?"

"त्याला ऐकू आलं," मावशी म्हणाल्या.

"ते नाही विचारत मी."

मावशी लिंबू चिरत राहिल्या. "सूप गार होईल."

"ममा. मी विचारतेय. नीट सांग."

मावशींनी सुरी खाली ठेवली, हात पुसला. मुलीच्या ओठांकडे पाहिलं नाही, चेहऱ्याकडे पाहिलं, सबंध. मग अगदी हळू आवाजात तो शब्द म्हटला. काट्रिनने तो म्हटला. मावशींनी आणखी काहीतरी सांगितलं, बर्मीत, मला कळलं नाही. काट्रिनने थोडं अडखळत उत्तर दिलं, आणि तेही मला कळलं नाही. जर्मन असतं तर कळलं असतं.

मी ट्रे उचलला आणि बाहेर आले. पाठीने दार लोटून घेतलं. आतून आवाज येत होते, एकावर एक, मधेच कपाटाचं दार आपटल्याचाही. हेर लेमानांनी काळजीने मान वळवली.

"भांडतायत का दोघी?"

"नाही," मी म्हटलं. "बोलतायत."